घुमानकडचे बाबाजी आणि आमची दिंडी

सासवडच्या मुक्कामी आमच्या दिंडीत एक निळी पगडी दाखल झाली. मामा दिंडीचे विणेकरी, त्यांच्या ओळखीच्या कुणीतरी धाडलेलं माणूस. सत्तरी ओलांडलेली, दाढी पांढरी, हातात कडं, पाठीवर एक पिशवी आणि पिशवीत पत्र्याचा डबा. मूळ गाव गुरदासपूर जिल्ह्यात, घुमानच्या बाजूचं. आधी नांदेडला हजूर साहिब गुरुद्वाऱ्यात माथा टेकून, तिथून हिंगोलीकडच्या नर्सीला, नामदेवांच्या गावी जाऊन मग ते आळंदीकडे आले होते. आम्ही आधी 'सरदारजी' म्हणत होतो, जेजुरीपर्यंत त्यांचे 'बाबाजी' झाले. बाकी वारीत सगळेच माउली.

घुमान हे नाव २०१५ च्या साहित्य संमेलनानंतर आपल्याकडे बऱ्याच जणांच्या कानावर आलं. तोवर नामदेव म्हणजे पंढरीची पायरी, एवढ्यावर आमची माहिती संपायची. आम्ही नामदेव शिंपी, घरात नामदेवांचा फोटो, तरी महाराज उत्तरेत गेले, परंपरेप्रमाणे वीसेक वर्षं पंजाबात, याच घुमानच्या बाजूला राहिले, आणि गुरू अर्जनदेवांनी १६०४ साली शिखांचा ग्रंथसाहिब सिद्ध केला तेव्हा नामदेवांची ६१ पदं त्यात आली, हे मला शाळेत कुणी नीट सांगितलं नव्हतं. बाबाजींना ते सांगावंच लागलं नसावं. ते म्हणाले, "पुत्तर, ग्रंथसाहिबापुढे माथा टेकला की नामदेवजींपुढेही टेकला जातो. वेगळं देऊळ कशाला?" त्या ग्रंथात कबीर आहेत, रविदास आहेत, शेख फरीद आहेत. गुरूंची बाणी आणि भक्तांची बाणी एकाच आसनावर, एकाच चवरीखाली. कुणाची मोठी, कुणाची धाकटी असा हिशेब तिथे नाही.

डब्यात काय होतं ते वाल्ह्यात कळलं. दिवसभराच्या वाऱ्यानं राहुटीचं कापड शिवणीवर उसवलं, तेव्हा बाबाजींनी डबा उघडला. दाभण, सुतळी, रिळं, कात्री, मेणाचा तुकडा. पोरं ट्रकमधून दुसरं कापड शोधतायत तोवर यांची शिवण निम्मी झालेली. पुढचे सगळे मुक्काम त्यांच्यापुढे रांग असायची : तुटलेले पिशव्यांचे बंद, फाटके पंचे, आमच्या काकूंच्या तुळशीच्या चुंबळीचं कापडसुद्धा. पंजाबात त्यांचं घराणं छिंब्यांचं, कापड छापणारं आणि शिवणारं. "म्हणजे आमच्यातलेच की," असं मी म्हणाले तेव्हा त्यांनी सुई न थांबवता गुणगुणायला सुरुवात केली, "सुइने की सूई रुपे का धागा, नामे का चितु हरि सउ लागा." सोन्याची सुई, रुप्याचा दोरा. मग दुसरं सांगितलं, त्रिलोचन आणि नामदेवांच्या बोलण्याचं. त्रिलोचन विचारतात, दिवसभर कापड छापत बसतोस, रामाकडे चित्त का लावत नाहीस? नामदेव उत्तर देतात, हातापायांनी काम कर, चित्त निरंजनाजवळ ठेव. हे दोहे कबिरांच्या सलोकांमध्ये आलेत. मी त्या संध्याकाळी पाय चेपत बसले होते आणि माझं चित्त पूर्णपणे पायाच्या फोडांजवळ होतं.

त्यांचा आणि आमचा दिनक्रम एकमेकांच्या बाजूने चालायचा. पहाटे आमच्या काकड्याच्या आधी ते उठून कोपऱ्यात जपजी, म्हणजे शिखांचा पहाटेचा पाठ, म्हणायचे. संध्याकाळी आमचा हरिपाठ सुरू व्हायचा तेव्हा त्यांचं रहिरास, त्यांचा संध्याकाळचा पाठ, चाललेलं असायचं. दोन्ही आवाज एकाच राहुटीत, आणि कुणाला कुणाचा अडथळा नाही. समाजआरतीला मात्र ते आमच्यात येऊन उभे राहायचे. चोपदारांनी दंड उंचावला की एवढा मोठा जनसमुदाय चिडीचूप होतो, मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची पुकार होते, हे त्यांना फार आवडायचं. पंगत तर त्यांना शिकवायची गरजच नव्हती. जेवायला बसण्याआधी वाढायला उभे. लंगरची, गुरुद्वाऱ्यातल्या पंगतीची सवय.

सगळं गोडच होतं असं नाही. माळकऱ्यांचंही तंबाखूपुढे काही चालत नाही हे वारीत कुणापासून लपलेलं नाही, आणि अमृतधारी, म्हणजे दीक्षा घेतलेल्या शिखाला तंबाखू वर्ज्य, अगदी कडक वर्ज्य. आमचे तात्या चंची उघडून मळायला बसले की बाबाजी न बोलता उठून दुसरीकडे जायचे. तात्यांना आधी वाटलं हा माणूस घमेंडखोर आहे. कारण कळल्यावर ते ट्रकच्या मागे जाऊन मळू लागले, सोडली काही नाही.

दुसरा प्रसंग तरडगावचा. चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण झालं होतं, माणसं खुशीत होती. रात्री भजनात मामांनी बाबाजींना म्हणायला सांगितलं. त्यांनी टाळ हातात घेतले, पखवाजवाल्याला ठेका दाखवला आणि उचललं, "आनीले कुंभ भराईले ऊदक, ठाकुर कउ इसनानु करउ." सुरुवातीला सगळे नुसते ऐकत होते. "जत्र जाउ तत बीठलु भैला" आलं आणि माणसं सावरून बसली. "ईभै बीठलु, ऊभै बीठलु, बीठल बिनु संसारु नही" यावर तर टाळ आपोआप पडायला लागले, मागचे लोक धरून म्हणायला लागले. नामदेवांचं पद, पंजाबातून फिरून आलेलं, आणि आमच्या तोंडात ते चटकन बसलं.

पण अर्थ काय आहे त्या पदाचा? घागरीत पाणी आणलं तर त्यात आधीच असंख्य जीव, फूल आणलं तर भुंग्यानं आधीच हुंगलेलं, दूध आणलं तर वासरानं उष्टं केलेलं. मग देवाला वाहू काय? विठ्ठल तर सगळीकडेच भरलाय. भजन संपल्यावर एका जाणत्या टाळकऱ्याने विचारलंच, "मग बाबाजी, मूर्ती मानत नाही तर तुम्ही पंढरपूरला कशाला निघालात?" थोडा खवचटपणा होता त्यात. बाबाजी म्हणाले, "मूर्तीकडे तुम्ही चला. मी नामदेवजींकडे चाललोय. ते मंदिराच्या दारात आहेत ना? मग रस्ता एकच झाला." मामा हसले आणि वीणा खुंटीला लावायला उठले.

लगेच कुणीतरी समेटाच्या भाषेत म्हणालं, शीख म्हणजे आपलेच हो, हिंदूच, काही वेगळे नाहीत. हे वाक्य आपल्याकडे प्रेमाने म्हटलं जातं, मला ते नेहमी थोडं खटकतं. बाबाजींनाही खटकलं असावं, कारण ते हातातलं काम बाजूला ठेवून बोलले. म्हणाले, "भाऊ म्हणा, गळ्यात पडेन. पण माझं घर माझं आहे, चूल माझी आहे." त्यांचे चुलते केशधारी, म्हणजे केस राखणारे शीख, नाहीत. त्यांच्याकडे दिवाळीला लक्ष्मीपूजन, गुरुपुरबाला सगळे मिळून गुरुद्वारात, आणि नामदेवांच्या दरबारात दोन्ही घरं एकत्र. मग म्हणाले की १९८४ च्या नोव्हेंबरात, शीखविरोधी दंगलीच्या वेळी, ते दिल्लीत कामाला होते. मारायला आलेल्यांचा धर्म आणि माळ्यावर लपवून ठेवणाऱ्या शेजाऱ्याचा धर्म एकच होता. "दोन्ही लक्षात आहे," एवढं बोलून त्यांनी परत सुई ओवायला घेतली. त्यानंतर कुणी 'हिंदूच' म्हणालं नाही.

माळशिरसच्या पुढे आणखी एक वाद रंगला, तो मात्र मजेचा. आपल्याकडे सांगतात की नामदेवांनी १३५० साली आषाढ वद्य त्रयोदशीला पंढरपुरात महाद्वारी समाधी घेतली, तीच पायरी. घुमानच्या लोकांची श्रद्धा अशी की महाराजांनी देह तिथेच ठेवला, आणि माघात तिथे मोठा मेळा भरतो. मामा पुरावे देत होते, बाबाजी पुरावे देत होते, दोघांच्या चालण्याचा वेग वाढत होता. वेळापूर आलं तरी निकाल लागला नाही. मला तर वाटतं तो लागू नये.

पंढरपुरात एकादशीला गर्दी नेहमीचीच, दर्शनबारीचा शेवट दिसत नव्हता. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी कळसाचं दर्शन घेतलं. बाबाजींनी उपास धरला नव्हता, शिखांमध्ये एकादशी नाही. पण मठात दुसरं काही शिजलंच नव्हतं म्हणून त्यांनी साबुदाण्याची खिचडी खाल्ली आणि दुसऱ्यांदा मागितली. मग आम्ही महाद्वाराकडे निघालो. समोर चोखोबांची समाधी, इकडे पायरी, आणि पायरीवर पाय पडू नये म्हणून ओलांडून जाणारी माणसं. मामांनी त्यांना "नामा म्हणे आम्ही पायरीचे चिरे, संतपाय हिरे देती वरी" सांगितलं, मोडक्या हिंदीत अर्थासकट. बाबाजींनी तो दोनदा म्हणवून घेतला. त्यांच्यात संतांच्या पायधुळीला फार मान, त्यामुळे त्यांना त्यात नवल वाटलं नाही. माथा टेकताना मागून रेटा आला, पोलीस शिट्टी फुंकत होते, जेमतेम क्षणभर मिळाला. उठल्यावर पगडी सारखी करत ते म्हणाले, "बस. काम झालं."

द्वादशीला आमचं पारणं झाल्यावर ते मनमाडकडे निघाले, तिथून सचखंड एक्सप्रेसने अमृतसर. जाण्याआधी मामांनी जाहीर करून टाकलं की दिंडीतली काही माणसं माघात घुमानला येणार. बाबाजींनी बसल्या बसल्या यादी सांगितली. जानेवारीची थंडी आहे, स्वेटरवर स्वेटर घाला. राहायची काळजी नको, लंगर आहे. डोकं झाकायला रुमाल हवा, तुमची टोपी चालेल. टाळ-पखवाज नक्की आणा. आणि तंबाखू इथेच ठेवून या.

तात्यांनी चंची सदऱ्याच्या आतल्या खिशात सारली. "स्टेशनाच्या बाहेर, गुरुद्वारापासून लांब, एखाद्या झाडाखाली चालेल का, विचारा त्यांना," असं ते मला हळूच म्हणाले. मी विचारलं. बाबाजी म्हणाले, "झाड अमृतसरच्या अलीकडचं बघा."