पिंपातलं मशीन

जुलैच्या अखेरीस कोकणातल्या कुठल्याही बंदराजवळच्या वाडीत एक देखावा हमखास दिसतो. 1 जूनला लागलेली मासेमारी बंदी 31 तारखेला उठायची असते आणि कुणाच्या तरी खळ्यात 200 लिटरचं निळं पिंप पाण्यानं भरलेलं असतं. पिंपाला आडवी फळी, फळीला कसलेलं, होडीच्या मागे लावायचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड मशीन आणि दोरी ओढून ओढून घामाघूम झालेला एक गृहस्थ. शेजारी दोन सल्लागार उभे असतात. त्यांचं निदान आधीच ठरलेलं असतं: "कार्बोरेटर खोल."

बऱ्याचदा चोर तोच निघतो, हे खरं. पण जुनं मशीन एका वेळी एकाच प्रश्नाचं उत्तर देतं. सगळ्याच गोष्टी एकदम उलगडल्या, तर नेमकं काय बिघडलं होतं ते नंतर कुणालाच सांगता येत नाही.

पहिला प्रश्न ठिणगीचा. प्लग काढायचा, टोपीत बसवून त्याचा आटा मशीनच्या धातूला टेकवायचा, पेट्रोल लांब ठेवायचं आणि दोरी ओढायची. निळी, तडतडणारी ठिणगी आली तर बरं. पिवळी, मरतुकडी असली तर प्लग बदलून पाहावा. काहीच नसेल, तर मशीन बंद करायच्या लाल बटणाखालची क्लिप जागेवर आहे का बघा. हसू नका, पुष्कळ दुपारी या क्लिपपायी वाया गेल्यात. क्लिप असूनही ठिणगी नसेल, तर स्विचची वायर तेवढी सोडवून पुन्हा ओढा. आली ठिणगी, की समजायचं स्विचच्या आत मीठ बसलंय.

मग पेट्रोल. दहा वेळा ओढूनही प्लग कोरडाच निघाला, तर पेट्रोल वरपर्यंत पोचत नाही. पाइपातला रबरी फुगा बाण मशीनकडे ठेवून दाबायचा. काही दाबांत तो टणक व्हायला हवा. होतच नसेल तर कुठून तरी हवा शिरतेय, बहुधा जोडाच्या रबरी रिंगेतून. मशीन चालताना फुगा चपटा होत असेल, तर टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडायचा राहिलाय.

चोक ओढला की चालतं आणि सोडला की मरतं, अशी लक्षणं असतील तरच सल्लागारांचं ऐकावं. कार्बोरेटरमधला बारीक जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं भोक, तुंबलाय. कार्बोरेटरची वाटी उघडली की तळाशी डिंकासारखा चिकट थर दिसतो. जेटमध्ये तार खुपसू नये, भोक मोठं होतं. क्लीनर मारून हवा द्यावी आणि जेट आभाळाकडे धरून बघावा. गोल उजेड दिसला की काम झालं. कार्बोरेटरवरचा हवेचा स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हातानं आत घेत किती फेरे बसतात ते मोजून भिंतीवर लिहून ठेवावं.

गेल्या मोसमातलं पेट्रोल मात्र वापरूच नये. त्यातलं इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं आणि फार झालं की पाण्यासकट टाकीच्या तळाशी बसतं. ऑइल राहतं वरच्या पेट्रोलात. मशीन ओढतं तळाचं, म्हणजे ऑइलशिवायचं, आणि पिस्टन धरतो. ताज्या 10 लिटरला 200 मिली ऑइल, हे झालं 50 ला 1 चं माप. फार जुन्या काही मशिनांना 25 ला 1 लागतं, म्हणजे दुप्पट. ऑइल आउटबोर्डचंच, टीसी-डब्ल्यू3 लिहिलेलं घ्यावं. स्कूटरच्या ऑइलची राख प्लगवर साचते.

मशीन सुरू झालं, की आवाजावर खूश न होता मागची धार बघावी. ही पाण्याची करंगळीएवढी धार म्हणजे पंप पाणी उचलतोय याची खूण. धार नसेल तर लगेच बंद. आधी त्या भोकात जाड तंगूस, म्हणजे मासेमारीची नायलॉनची दोरी, घालून बघा, मिठाचा खडा निघतो. तरीही धार नाही, तर खालचा पाय उतरवून पंपातलं रबरी फूल काढावं लागतं. वर्षभर एकाच जागी दुमडून राहिलेल्या पाकळ्या तशाच वाकड्या राहतात आणि पाणी ढकलत नाहीत. फूल नवंच बसवावं. पाण्याशिवाय काही सेकंद फिरलं तरी ते जळतं. म्हणून पिंपातलं पाणी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या निदान चार बोटं वर हवं.

भोक मोकळं करणारी हीच तंगूस पंख्यामागे गुंडाळली गेली, तर तिथलं पाणी अडवणारं सील कापते. पायातलं गिअर ऑइल दुधाळ निघालं, की पंखा काढून तिथं बघावं. नवं ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरच्यातून बाहेर येईपर्यंत. मग आधी वरचा स्क्रू लावायचा. वरून ओतलं तर आत हवा अडकते.

शेवटी पेट्रोलचा पाइप काढून मशीन आपोआप मरू द्यावं, म्हणजे वाटी रिकामी होते. पिंपात उरलेल्या पाण्यावर तेलाचे रंग तरंगत असतात. ते माडाच्या मुळात ओतू नये. शेजारचा त्याचं मशीन खांद्यावर घेऊन येतच असतो, त्याला तेच पाणी चालतं.