तुम्ही विचारलंत म्हणून: बोल्टात थोडा बदल केला, तरी दुसऱ्याचं पेटंट आड येतं का?

नटबोल्ट, क्लिपा, रिव्हेट बनवणारे कारखानदार हा प्रश्न विचारतात तेव्हा बोट हमखास पेटंटातल्या चित्रावर असतं. "त्यांचं डोकं षटकोनी, आमचं गोल." चित्र राहू द्या. हक्क कुठवर पोचतो हे क्लेमचे, म्हणजे पेटंटाच्या शेवटी क्रमांकाने लिहिलेल्या हक्काच्या वाक्यांचे, शब्द ठरवतात. चित्र आणि वर्णन ते शब्द उलगडायला. क्लेममध्ये डोक्याच्या आकाराचा उल्लेखच नसेल, तर गोल डोकं तुम्हाला वाचवणार नाही.

स्वतंत्र क्लेम (दुसऱ्या क्लेमचा आधार न घेणारा) घ्या आणि त्याचे तुकडे पाडा: शँक (बोल्टाचा दांडा), आटे, कॉलर, कॉलरखालची खाच. डावीकडे क्लेमचे शब्द, उजवीकडे तुमच्या नगात प्रत्यक्ष काय आहे ते. कोन किंवा माप दिलं असेल तर ड्रॉइंगवर विसंबू नका, नग मोजा. एखादा तुकडा तुमच्याकडे नाही आणि त्याच्या तोडीचंही काही नाही, तर त्या क्लेमचं उल्लंघन नाही. उलट, जादा वॉशर घातलात म्हणून सुटका होत नाही. क्लेममध्ये 'कम्प्रायझिंग' असेल तर एवढं हवंच, वर आणखी काही असलं तरी फरक पडत नाही. 'कन्सिस्टिंग ऑफ' असेल तर मात्र एवढंच.

खरी गंमत विशेषणांत असते. अमेरिकेतला के-टू विरुद्ध सॉलोमन हा 1999चा निकाल बघा. इनलाइन स्केटमधला बुटाचा मऊ भाग तळाला पंजाकडे आणि टाचेकडे 'पर्मनंटली' (कायमचा) जोडलेला, असा क्लेम. सॉलोमनच्या स्केटमध्ये टाचेकडे काढता येणारा स्क्रू होता. वापरताना तो भाग हलत नसला, तरी खोलता येणारा स्क्रू 'पर्मनंट' नव्हे, असं कोर्टाने ठरवलं. समतुल्यतेचा, म्हणजे शब्दशः तेच नसलं तरी त्याच्या तोडीचं आहे, हा मुद्दाही चालला नाही. तो मानला असता तर त्या शब्दाला काही अर्थच उरला नसता. एका क्रियाविशेषणावर दावा गेला. क्लेम लिहिताना असा शब्द हौसेने घालणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

त्याच वर्षी, त्याच कोर्टात, अल-साइटच्या खटल्यात उलटं घडलं. चष्मा टांगायच्या टॅगच्या क्लेममध्ये 'फास्टनिंग मीन्स' (जोडण्याचं साधन) एवढंच होतं, वर्णनात रिव्हेट किंवा बटण आणि भोक. प्रतिवादीने गोंद वापरला होता, तरी तो समतुल्य ठरला. आपल्याकडेही मुंबई उच्च न्यायालयाने 2008 साली रवी कमल बाली खटल्यात छेडछाड-रोधक सीलच्या संदर्भात समतुल्यतेचा विचार केला आहे. तेव्हा रिव्हेटऐवजी स्क्रू लावला की झालं, असं गृहीत धरू नका.

'अमुकसाठी' या शब्दाचंही तसंच. युरोपियन पेटंट ऑफिसच्या मार्गदर्शिकेत क्रेनच्या हुकाचं उदाहरण आहे: तोच आकार असलेला मासेमारीचा गळ आधीपासून असला तरी त्या क्लेमच्या नावीन्याला आड येत नाही, कारण तो क्रेनला चालणारच नाही. पण तुमचा लाकडाचा स्क्रू पत्र्यालाही जसाच्या तसा चालत असेल, तर डब्यावरचं लेबल बदलून भागत नाही.

पेटंट कार्यालयाच्या वेबसाइटवर त्या पेटंटची फाइल उघडून परीक्षण अहवाल (कार्यालयाने अर्जावर घेतलेल्या हरकती) आणि त्याला अर्जदाराने दिलेलं उत्तर वाचा. पेटंट मिळवताना मालकाने 'आमची कॉलर अखंड आहे, सुटी नाही' असं लेखी दिलं असेल, तर आता सुट्या कॉलरवर बोट ठेवणं त्याला जड जाईल.

आणि हे सगळं करण्याआधी पेटंट जिवंत आहे का ते बघा. मुदत अर्जापासून 20 वर्षं, पण नूतनीकरणाची फी थकली की त्याआधीच संपते. शिवाय पेटंट फक्त अमेरिकेतलं असेल तर इथे बनवून इथेच विकायला ते आडवं येत नाही. माल तिकडे पाठवायचा असेल तर येतं.