भोपाळची एक दिवसाची फेरी: रात्री भुसावळ, संध्याकाळी तळं

भोपाळच्या मोठ्या तलावातल्या क्रूझचे व्हिडिओ अजूनही फिरताहेत. डेकवर गाणी चालू, पोरं कठड्याला लोंबकळलेली, मागे सूर्य बुडतोय. ते बघून जळगाव-भुसावळची मंडळी तिकीट काढतात, रात्रभर प्रवास करतात आणि बोट क्लबच्या खिडकीवर कळतं की क्रूझ बंद झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने या तलावातली क्रूझ आणि मोटरबोटी थांबवायला सांगितलं. कारण साधं आहे. हा तलाव शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा आधार आहे आणि २००२ पासून रामसर या आंतरराष्ट्रीय यादीतली पाणथळ जागाही आहे. अशा पाण्यात डिझेलचं इंजिन चालवणं नियमात बसत नाही. तेव्हा 'लेक प्रिन्सेस' नावाची ती क्रूझ डोक्यातून काढून टाका. पाण्यावर जायचं तर पायाने मारायची बोट, वल्ह्याची नाव किंवा २०२५ च्या डिसेंबरपासून आलेले काश्मिरी धाटणीचे शिकारे. खरं सांगायचं तर तळं बघायला हेच बरं. इंजिनाच्या आवाजात पाणकावळा जवळ येत नाही.

फेरी एका दिवसाची असली तरी तिला दोन रात्री लागतात, दोन्ही गाडीतल्या. भुसावळ ते भोपाळ रेल्वेने साधारण ४०० किलोमीटर, म्हणजे साडेसहा-सात तास. कार काढायचा विचार एका दिवसासाठी करूच नका. बऱ्हाणपूर-खंडवा करत पोचेपर्यंत ड्रायव्हरची कंबर मोडते आणि संध्याकाळी त्यालाच परत फिरायचं असतं.

जाताना पंजाब मेलसारखी गाडी सोयीची पडते. ही गाडी १९१२ पासून धावते आहे. मुंबईहून संध्याकाळी सुटते, मध्यरात्र उलटल्यावर भुसावळला येते आणि सकाळी भोपाळला सोडते. सगळ्यात जास्त लोक फसतात ते इथेच. समजा तुम्हाला शनिवारी रात्री जेवून निघायचंय आणि रविवार भोपाळला घालवायचाय. गाडी भुसावळला रात्री बारानंतर येते, म्हणजे तुमच्या स्टेशनवर तारीख बदललेली असते. तिकीट रविवारच्या तारखेचं काढायला हवं. शनिवारची तारीख टाकली की ती गाडी शुक्रवारच्या रात्रीची, आणि तुम्ही शनिवारी रात्री स्टेशनवर पोचाल तेव्हा ती येऊन गेल्याला चोवीस तास झालेले असतील. परतीची गाडी मध्यरात्रीनंतरची असेल तर तिथेही हाच घोळ. तिकीट हातात आलं की तारीख आणि वार दोन्ही मोठ्याने वाचा, शक्यतो दुसऱ्या कोणाला तरी ऐकवून.

आगाऊ आरक्षण आता साठच दिवस आधी सुरू होतं, पूर्वीसारखं एकशेवीस नाही. दिवाळीच्या सुट्ट्या आणि डिसेंबरचा शेवट यासाठी खिडकी उघडेल त्या दिवशीच बसावं लागतं. मधल्या स्टेशनांना कोटा कमी असतो, त्यामुळे भुसावळ किंवा जळगावहून वेटिंग मिळालं तर ते पुढे सरकेलच अशी खात्री नसते. अशा वेळी मुंबईपासून तिकीट काढायचं आणि बोर्डिंग स्टेशन भुसावळ करून घ्यायचं, हा जुना उपाय आहे. थोडे पैसे जास्त जातात. बोर्डिंगचा बदल चार्ट लागायच्या आत झाला पाहिजे, आणि एकदा बदलल्यावर आधीच्या स्टेशनवर चढण्याचा हक्क राहत नाही. अमळनेर, नंदुरबारच्या मंडळींनी सुरत मार्गाने भुसावळला येताना मध्ये किमान दोन तास मोकळे ठेवावेत. धुळेकरांना जळगावपर्यंत बस आणि पुढे गाडी हेच सुटसुटीत.

डब्याचं म्हणाल तर भरीत नेऊ नका, मोह कितीही झाला तरी. रात्रभर बंद डब्यात कांद्याची पात आणि वांगं आंबतं आणि सकाळी सगळी बोगी नाकाला रुमाल लावते. दुधात मळलेल्या दशम्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी आणि तेलात परतलेला ठेचा, एवढं दीड दिवस आरामात टिकतं. कळण्याची भाकरीही दुसऱ्या दिवशी कडक होते, ती घरीच खावी. ठेचा मात्र हवाच. भोपाळचे पोहे वाफेवरचे, बडीशेप घातलेले, वर शेव, आणि सोबत जिलबी. चव छान असते, पण खानदेशी जिभेला तिखटाची आठवण पहिल्या घासालाच होते. जुन्या शहरात मिठाची सुलेमानी चहा मिळते, ती एकदा घेऊन बघायला हरकत नाही.

भुसावळ सुटल्यावर लगेच तापीचा पूल लागतो, मग रावेर, बऱ्हाणपूर, नेपानगर, खंडवा हे सगळं झोपेत जातं. गाडी वेळेवर असेल तर उजाडता उजाडता इटारसी येते. तिथे उठा. कारण पुढे नर्मदापुरमला, जुन्या होशंगाबादला, नर्मदेचा पूल आहे आणि पलीकडे बुधनीचा घाट. सागाचं रान, बोगदे, वळणं. या सगळ्या रस्त्यात खिडकीतून बघावा असा तुकडा हाच.

भोपाळला स्टेशनं दोन. इटारसीकडून येताना आधी राणी कमलापती लागतं, २०२१ पर्यंत त्याचं नाव हबीबगंज होतं, आणि नंतर भोपाळ जंक्शन. तिकिटावर कोणतं लिहिलंय ते बघा, कारण परतीची गाडी दुसऱ्याच स्टेशनवर थांबणारी असू शकते आणि संध्याकाळच्या गर्दीत एकाहून दुसऱ्याकडे जाणं म्हणजे डोक्याला ताप. बोट क्लब दोन्हीकडून थोड्याफार फरकाने सारखाच लांब. सामान स्टेशनच्या क्लोकरूममध्ये ठेवा. तिथे कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत, त्यामुळे घरूनच एक छोटं कुलूप बरोबर असू द्या आणि तिकीट व ओळखपत्र हाताशी ठेवा. तोंड-अंघोळ वेटिंग रूममध्ये उरकते.

सोमवारी मात्र जाऊच नका. मानव संग्रहालय, जनजातीय संग्रहालय, भारत भवन हे कलाकेंद्र, तिन्ही सोमवारी बंद. उरतो तलाव, आणि दुपारच्या उन्हात नुसता तलाव बघणं ही शिक्षा आहे.

सकाळी थेट बोटीकडे धावायची गरज नाही. पाणी संध्याकाळसाठी राखा. सकाळ श्यामला हिल्सवरच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाला द्या. सुमारे २०० एकरांवर पसरलंय, उघड्यावर वेगवेगळ्या जमातींची घरं मूळ पद्धतीने बांधलेली आहेत आणि उतारावरून खाली तळं दिसत राहतं. चालणं खूप आहे. वयस्कर माणसं बरोबर असतील तर सगळं बघायचा हट्ट सोडा, दोन-तीन वस्त्या बघून बाहेर पडा. तिथून जवळच मध्य प्रदेश जनजातीय संग्रहालय. ते दुपारी बाराला उघडतं, त्यामुळे आधी जाऊन दारात बसण्यात अर्थ नाही. तळोदा-अक्कलकुवा, यावल-चोपड्याच्या सातपुड्यातल्या माणसाला इथे वेगळंच वाटतं. भिल्ल आणि कोरकूंच्या वस्तू त्याला काचेमागच्या वाटत नाहीत, शेजारच्या पाड्यावरच्या वाटतात. पुण्या-मुंबईचे लोक फोटो काढत पुढे जातात, आपल्याकडचे थांबून नावं सांगतात. दीड तास धरून चाला.

वनविहार बोट क्लबच्या रस्त्याला लागूनच आहे, तळ्याच्या काठाने साडेचार चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान. आठवड्यातून एक दिवस बंद असतं, तो वार निघण्याआधी बघून ठेवा. पोरं लहान असतील तर जनजातीय संग्रहालय सोडून हेच करा. दोन्ही करायला गेलात तर बोट चुकते.

आता तळं. 'ताल तो भोपाल ताल, बाकी सब तलैया' असं तिथले लोक म्हणतात आणि त्यात फार अतिशयोक्ती नाही. अकराव्या शतकात राजा भोजाने कोलांस नदीवर मातीचा बांध घातला, तो आजच्या कमला पार्कपाशी. १९६५ मध्ये भदभदाच्या बांधाला अकरा दरवाजे बसवले आणि साठा वाढला. आता तळं सुमारे ३१ चौरस किलोमीटरचं आहे. आपल्याकडे पावसाळ्यात हतनूर धरणाच्या ४१ दरवाज्यांपैकी किती उघडले याची बातमी असते, तशी तिथे तळं १६६६.८० फुटांवर गेलं का याची. तो आकडा गाठला की भदभदाचे दरवाजे उघडतात आणि अर्धं शहर बघायला लोटतं. २०११ मध्ये तळ्याचं नाव अधिकृतपणे भोजताल झालं, पण रिक्षावाल्याला 'बडा तालाब' किंवा 'बोट क्लब' सांगा. मध्ये दिसतं ते बेट म्हणजे तकिया टापू. छोटा तलाव म्हणजे १७९४ चं दुसरं तळं, पुलाच्या पलीकडचं. पत्ता सांगताना दोन्हींची गल्लत करू नका.

बोट क्लबवर साडेचारपर्यंत पोचा. डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या आत बुडतो, अंधार पडला की बोटी सोडत नाहीत आणि रविवारी रांग मोठी असते. दराचा फलक खिडकीवर असतो, वाचूनच पैसे द्या. शिकारा किंवा वल्ह्याची नाव घेतली तर नावाडी असतो, तुम्ही फक्त बसायचं. वजन दोन्ही बाजूंना सारखं वाटून बसा आणि फोटोसाठी सगळे एकाच कडेला सरकू नका.

पायाची बोट घेतलीत तर थोडं शिकून घ्या, कारण तिथे कोणी शिकवत नाही. दोन सीटांच्या मध्ये एक दांडा असतो, तो मागच्या सुकाणूला जोडलेला. बोट पुढे सरकत असेल तरच सुकाणू पाणी धरतं. नवखे लोक घाबरले की पेडल मारायचं थांबवतात आणि दांडा जोरात एका बाजूला ओढतात. बोट जागची हलत नाही, वारा मात्र तिला फिरवतो, मग आणखी घाबरतात. उपाय उलटा आहे: पेडल चालू ठेवा, दांडा थोडासाच वळवा आणि बोट वळायला दोन-चार क्षण द्या. थांबायचं असेल तर पेडल उलटं मारा. धक्क्याला लागताना दोन बोटींच्या लांबीइतकं अंतर असतानाच पाय थांबवा, बोट आपोआप सरकत जाते. वेगात आपटली तर पुढच्याचं डोकं आणि बोटीच्या काठावर ठेवलेली पोराची बोटं, दोन्ही धोक्यात.

वाऱ्याचंही एक गणित आहे. बोट क्लब तळ्याच्या आग्नेय काठावर, आणि पाणी मोकळं पसरलंय ते पश्चिमेकडे. मार्चपासून दुपारनंतर वारा पश्चिमेचा असतो. लांबवर मोकळं पाणी ओलांडून आल्यामुळे लाटा काठाशी उंच होतात. जाताना वाऱ्याविरुद्ध पाय भरून येतात, येताना बोट स्वतःच ढकलली जाते. उलट वाऱ्याबरोबर लांब गेलात तर परत येताना पोटऱ्या गोळा होतात. म्हणून निघताना आधी वाऱ्याच्या तोंडावर जायचं आणि वेळ अर्धी झाली की वळायचं. वारा जोरात असेल तर बोटी बंद ठेवतात. खिडकीवर वाद घालून उपयोग नाही, त्यांचं बरोबर असतं.

लाइफ जॅकेट घालताना पुढचे सगळे बक्कल लावा आणि खांद्यापाशी धरून वर ओढून बघा. कानापर्यंत वर आलं तर ते सैल आहे. पोराला मोठ्याचं जॅकेट घालू नका, पाण्यात पडलं तर ते अंगातून निसटून वर येतं आणि पोर खाली राहतं. मोबाईल गळ्यात दोरीला अडकवा.

परतीची गाडी रात्री नऊनंतरचीच धरा, म्हणजे सूर्यास्तानंतर तासभर काठावर बसता येतं. भाजलेली मक्याची कणसं मिळतात, ठेचा उरला असेल तर लावून खा. डिसेंबर-जानेवारीत आणखी एक अडचण असते. मुंबईकडून जाणाऱ्या गाड्या वेळेवर असतात, पण दिल्लीकडून येणाऱ्या धुक्यात अडकतात आणि चार-पाच तास उशिरा येतात. त्या दिवसांत सोमवारी सकाळी नऊला ड्यूटीवर हजर राहायचं असेल तर ही फेरी शनिवारी करा, नाहीतर इटारसीपर्यंत येऊन जबलपूरकडून येणारी गाडी पकडा. धुकं तिकडे तुलनेने कमी छळतं.

भुसावळला गाडी बऱ्यापैकी थांबते, जळगावला दोन मिनिटं. गजर भुसावळच्या वेळेचा नको, बऱ्हाणपूरच्या वेळेचा लावा. रावेर गेलं की चादरी गुंडाळा, पोरांना उठवा, क्लोकरूममधून आणलेल्या बॅगा मोजा. तापीच्या पुलावर चाकांचा आवाज बदलतो, तोवर चपला पायात हव्यात.