पगार मुंबईचा, खर्च चाळीसगावचा

डोंबिवली सोडून आम्ही चाळीसगावला राहायला आलो, त्यामागे निसर्गाची ओढ वगैरे काही नव्हते. कारण निव्वळ हिशेबाचे होते. डोंबिवलीत दोन खोल्यांच्या घराला आम्ही महिन्याला सतरा हजार रुपये भाडे देत होतो, दर अकरा महिन्यांनी करार नवा करताना त्यात भर पडत होती, आणि माझे काम, म्हणजे एका खासगी कंपनीच्या हिशेबाच्या वह्या आणि जीएसटीची विवरणपत्रे सांभाळणे, हे साथीच्या काळापासून घरूनच चालले होते. महिन्यातून एखाद्या वेळी कार्यालयात तोंड दाखवले की पुरे होते. तेवढ्यासाठी इतके भाडे का भरायचे, हा प्रश्न यजमानांनी विचारला आणि त्याचे उत्तर मला देता येईना.

गाव ठरवताना मात्र आम्ही फार विचार केला. माझे माहेर पाचोऱ्याचे, त्यामुळे खान्देश ठरलेलाच होता. अमळनेर, पाचोरा आणि चाळीसगाव अशी तीन नावे चर्चेत होती. आईच्या अंगणात कायमचे राहायला जाणे दोन्ही बाजूंना जड झाले असते, म्हणून पाचोरा मागे पडले. अमळनेर मला मनापासून आवडते. तत्त्वज्ञान केंद्राचे आणि साने गुरुजींच्या शाळेचे गाव, 2024 चे साहित्य संमेलनही तिथेच झाले. पण ते सुरत-भुसावळ मार्गावर आहे आणि आम्हांला मुंबईच्या गाडीची गरज होती. चाळीसगाव मुंबई-भुसावळ या मुख्य मार्गावरचे जंक्शन आहे. येथून धुळ्याचा फाटा 1900 सालापासून चालू आहे, मुंबईचे अंतर सुमारे सव्वातीनशे किलोमीटर आहे, आणि रात्री गाडीत बसले की सकाळी कामाच्या वेळेआधी कल्याणला उतरता येते. पाचोऱ्याला आईकडे जायचे तर एक्स्प्रेसने पाऊण तास पुरतो. शहराबाहेर स्वस्त गाव शोधणाऱ्याने भाड्याच्या आधी रेल्वेचे वेळापत्रक उघडावे, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण नोकरी शहरातली असेल तर ती कधी ना कधी माणसाला समक्ष बोलावतेच.

आता स्वस्ताईविषयी. येथे भडगाव रस्त्याच्या बाजूच्या एका वसाहतीत तीन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी आणि वर गच्ची असे घर आम्हांला साडेसहा हजारांत मिळाले. भाजी, दूध, शिवणकाम, चपला दुरुस्त करणे, दळण, पंक्चर अशा ज्या-ज्या गोष्टींत स्थानिक माणसाचे हात लागतात, त्या सगळ्या डोंबिवलीपेक्षा स्वस्त आहेत. याउलट कारखान्यातून बाहेर पडून डब्यात किंवा पिशवीत बंद होऊन येणारी वस्तू एका पैशानेही स्वस्त नाही. गॅसची टाकी, तेलाचा डबा, औषधे, मोबाइलचे रिचार्ज, पेट्रोल यांना गाव लहान की मोठे याच्याशी देणेघेणे नसते. डोंबिवलीत वाहन नसून चालत होते, येथे दुचाकीशिवाय पान हलत नाही, म्हणून पेट्रोलचा खर्च नव्याने सुरू झाला तो वेगळाच.

गावात आल्यावर पहिल्या आठवड्यात शेजारच्या आप्पांनी ओट्यावर बसून माझी चौकशी केली. मुंबई सोडून इकडे येणारे कुटुंब म्हणजे नोकरी तरी गेली असणार किंवा कर्ज तरी झाले असणार, असा त्यांचा अंदाज होता आणि तो त्यांनी लपवलाही नाही. नोकरी शाबूत आहे, पगारही पूर्वीचाच आहे आणि सगळे येथे फार स्वस्त वाटते, असे मी सांगितले तेव्हा ते अहिराणीत, म्हणजे खान्देशच्या बोलीत, म्हणाले, "तुमना पगार तठला, खर्च अठला, मंग सस्तं लागीच ना ताई." म्हणजे पगार तिकडचा, खर्च इकडचा, मग स्वस्त वाटणारच.

या विषयावर जेवढे लेख मी वाचले, त्यांतल्या एकातही ही गोष्ट इतकी नेमकी आलेली नव्हती. आप्पांचा धाकटा मुलगा बाजारातल्या कापडाच्या दुकानात कामाला आहे. माझ्या साडेसहा हजारांच्या भाड्यात त्याचा जवळपास निम्मा पगार संपेल. त्याच्या दृष्टीने चाळीसगाव हे स्वस्त गाव नाही. ते महागडे गाव आहे आणि म्हणूनच त्याचे बरोबरीचे मित्र पुण्याला, नाशिकला आणि सुरतेला गेले आहेत. आम्ही ज्या गाडीने आलो, तिच्याच उलट दिशेच्या गाडीत ही मुले रोज बसतात. येथे येऊन नोकरी शोधू, असा बेत करून कोणी येत असेल तर मी त्याला थांबवीन. उत्पन्न बाहेरून येणार असेल, मग ते पगाराचे असो, निवृत्तिवेतनाचे असो वा मुलांनी पाठवलेले असो, तरच हा हिशेब जुळतो.

ज्या खर्चाची शहरात सवयच नव्हती, तो उन्हाळ्याचा. खान्देशचे ऊन मी लहानपणी पाहिले होते, पण ते सुट्टीतले ऊन होते; दुपारी संगणकासमोर बसून मार्चअखेरचे हिशेब आणि मग एप्रिल-मेची विवरणपत्रे करायची तर गोष्ट निराळी असते. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो, गच्चीचा स्लॅब संध्याकाळनंतरही तापलेला राहतो आणि रात्री अकरापर्यंत भिंतीला हात लावला तरी ऊब लागते. होळी झाली की येथे घरोघरी कूलर बाहेर निघतात. हे कूलर पत्र्याचे, गावातल्याच कारागिराने ठोकून बनवलेले असतात. तीन बाजूंना गवताचे ताटे, खाली पाण्याची टाकी, आत एक लहान पंप आणि मोठा पंखा. डोंबिवलीच्या दमट हवेत असला कूलर निरुपयोगी, कारण हवेतच पाणी भरलेले असल्यामुळे ताट्यावरचे पाणी वाळत नाही आणि पाणी वाळले नाही तर गारवा येत नाही. खान्देशातली एप्रिल-मेची हवा इतकी कोरडी असते की ताट्यावरचे पाणी भराभर उडून जाते आणि आत येणारा वारा खरोखर थंड लागतो. जूनमध्ये पहिला पाऊस पडला, की त्याच दिवशी हा कूलर घर चिकट करू लागतो आणि बंद करावा लागतो.

मात्र हा गारवा पाण्यावर चालतो, आणि खरी अडचण तिथेच आहे. मोठा कूलर दिवसरात्र चालला तर पिंपभर पाणी सहज पितो, आणि त्याला पाणी सर्वांत जास्त लागते ते नेमके मे महिन्यात, जेव्हा नळ येण्याचे दिवस लांबत जातात. या भागाचा जीव गिरणा धरणावर अवलंबून आहे. धरण नांदगाव तालुक्यात आहे, मालेगावपासून जळगाव जिल्ह्यातल्या तालुक्यांपर्यंत अनेकांचे डोळे त्याकडे लागलेले असतात आणि पावसाळ्यात चहाच्या टपरीवर क्रिकेटच्या धावसंख्येइतक्याच आस्थेने 'गिरणा किती टक्के भरलं?' असे विचारले जाते. आमच्या वसाहतीत नळ रोज येत नाही. आला की मोटर लावून आधी हौद, मग गच्चीवरची टाकी, मग पिंपे भरायची, हा क्रम घरातल्या प्रत्येकाला पाठ आहे. कूलरला आम्ही बोअरचे पाणी वापरतो. ते जड असल्यामुळे ताट्यांवर पांढरा क्षार बसतो, गवत कडक होऊन दगडासारखे लागते, त्यातून वारा येईनासा होतो आणि ऐन मेमध्ये ताटे दुसऱ्यांदा बदलावे लागतात. वीज गेली तर काम थांबू नये म्हणून इन्व्हर्टर घेतला, इंटरनेटसाठी स्थानिक केबलवाल्याची फायबर जोडणी आणि तिला पर्याय म्हणून दुसऱ्या कंपनीचे सिमकार्ड ठेवले. भाड्यात वाचलेले पैसे पहिल्या वर्षी अशाच वस्तूंत गेले, खरी बचत दुसऱ्या वर्षापासून दिसू लागली.

सासूबाई आमच्याबरोबर असतात, त्यामुळे दवाखान्याचा विचार टाळता येण्यासारखा नव्हता. सर्दीताप, रक्तदाब, हाड मोडणे येथपर्यंत गावात उत्तम सोय आहे आणि डॉक्टर नावानिशी ओळखतात, ही शहरात न मिळणारी गोष्ट आहे. त्यापुढचे काही उद्भवले तर मात्र धुळे, जळगाव, नाशिक किंवा छत्रपती संभाजीनगर यांपैकी एक दिशा धरावी लागते. संभाजीनगरला जायचे तर मध्ये कन्नडचा घाट, म्हणजे औट्रम घाट, येतो. 31 ऑगस्ट 2021 च्या अतिवृष्टीत या घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला होता आणि पुढे 2023 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने जड वाहनांना तेथून बंदी झाली. नकाशावर जे अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास दिसते, ते पावसाळ्यात मनात किती लांब होते हे रुग्ण गाडीत असल्याशिवाय कळत नाही. हृदयविकार किंवा डायलिसिसचा रुग्ण घरात असेल तर तालुक्याच्या गावी येण्याचा विचार करू नये, धुळे-जळगावसारखे जिल्ह्याचे ठिकाण पाहावे. तेथे वैद्यकीय महाविद्यालये आहेत आणि भाडे मुंबईपेक्षा कमीच आहे.

त्याच 31 ऑगस्टला तितूर आणि डोंगरी या नद्यांना महापूर येऊन चाळीसगावच्या बाजारपेठेत आणि नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले होते. घर शोधताना दलालाला खोल्या किती, नळ किती दिवसांनी, हे सगळे विचारतात. मी समोरच्या किराणावाल्याला 'एकवीस साली पाणी कुठपर्यंत आलं होतं, दादा?' असे विचारत असे. दलालाला भाडेकरू मिळवायचा असतो, किराणावाल्याचे मात्र त्या दिवशी पोत्यांचे नुकसान झालेले असते, त्यामुळे तो भिंतीवर हात ठेवून उंची दाखवतो. अशा दोन भिंती पाहिल्यावर आम्ही नदीपासून लांबची, उंचावरची वसाहत निवडली.

घर विकत घ्यायचा मोह येथे लवकर होतो. डोंबिवलीत ज्या रकमेत एक खोलीसुद्धा मिळत नाही, तेवढ्यात येथे प्लॉट मिळतो. पण स्वस्त सांगितल्या जाणाऱ्या प्लॉटपैकी कित्येकांची जमीन बिनशेती झालेली नसते, सातबारा पाच-सहा भावंडांच्या नावे सामायिक असतो आणि 'कागद नंतर होऊन जातील' असे आश्वासन फुकट मिळते. शेतजमिनीचे फार लहान तुकडे पाडून विकण्यास आडकाठी करणाऱ्या 1947 च्या तुकडेबंदी कायद्यात अलीकडे सवलती दिल्या गेल्या असल्या तरी स्वतंत्र उतारा, मंजूर अभिन्यास, म्हणजे प्लॉट पाडल्याचा आराखडा, आणि बिनशेतीचा कागद हातात पडल्याशिवाय इसाराची रक्कम देऊ नये. यजमानांचे आणि माझे यावर एकमत आहे, असे फार थोडे विषय आहेत.

माणसांचे म्हणाल तर एकटे राहू देणारी वस्ती येथे नाही. दारात नवी चप्पल दिसली तरी कोण आले याची विचारणा होते. श्रावणात कानबाईचा रोटांचा सण येतो, हिवाळ्यात भरताची वांगी भाजल्याचा वास गल्लीभर असतो आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या मुलींमुळे प्रत्येक ओटा भरतो. सासूबाईंना हे सर्व फार मानवले. मला दुपारी बैठकीच्या वेळी कोणी कळण्याची भाकरी घेऊन आले की माईक बंद करण्याची घाई होते. याच गावात स्टेशनजवळच्या बंगल्यात छायाचित्रकार केकी मूस जवळपास पन्नास वर्षे घराबाहेर न पडता राहिले. मुंबईत जन्मलेल्या या माणसाने 1989 मध्ये मृत्यू येईपर्यंत तेवढ्या घरात आपले सारे काम केले. घरून काम करणाऱ्यांनी त्यांचे कलादालन एकदा पाहून यावे. त्यांना इतका एकांत या गावाने कसा काय दिला, याचे मात्र मला अजून नवल वाटते.

गेल्या वर्षभरात आमच्या ओळखीची आणखी काही कुटुंबे ठाणे-पुण्याकडून इकडे आली आहेत. आपण काय भाडे देतो हे ती मोकळेपणाने सांगतात, घरमालक ऐकतात, आणि आमच्या गल्लीत नुकतेच रिकामे झालेले घर आठ हजारांना गेले. घरमालक नानांनीही या दिवाळीपासून हजार रुपये वाढवण्याचा विषय काढला. मुंबईच्या मानाने ते आजही कमीच आहे आणि आम्ही ते देऊ. आप्पांच्या मुलाचे मात्र वैशाखात लग्न ठरले आहे आणि तो आपल्याच गल्लीत खोली पाहत होता. आता तो गावाबाहेर, नळ अजून न पोहोचलेल्या नव्या वसाहतीत चौकशी करतो आहे.