पाचोळ्याचा चुरा आणि उन्हाळ्यातले वाफे

पुण्यात थंडी ओसरू लागली की पानगळीचे दिवस येतात. आधी देशी बदाम, मग पिंपळ आणि पर्जन्यवृक्ष, अशी एप्रिलपर्यंत अंगणात पानांची रास पडतच राहते. घनकचरा व्यवस्थापन नियमांनुसार उघड्यावर कचरा जाळण्यास मनाई आहे, तरीही आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीशी पहाटे धूर निघत असे. वाफ्यांवर घालण्यासाठी मला आच्छादन हवेच होते, म्हणून झाडलोट करणाऱ्या मावशींना मी पाचोळा गोण्यांत भरून द्यायला सांगितले. "न्या की ताई, आमचीही कटकट मिटेल," एवढेच त्या म्हणाल्या.

पाचोळा तसाच का पसरत नाही, असे शेजारी विचारत. आंब्या-पिंपळाची आणि बदामाची पाने मोठी व चिवट असतात; ती अख्खी अंथरली तर एकमेकांवर चिकटून त्यांचा पापुद्रा तयार होतो, पाणी त्यावरून घरंगळून वाफ्याबाहेर जाते आणि वाऱ्याची एक झुळूक आली की अर्धी पाने पुन्हा अंगणात. चुरा मात्र जागचा हलत नाही, पाणी खाली झिरपू देतो आणि लवकर कुजतो. पर्जन्यवृक्षाच्या बारीक पर्णिकांना हे सोपस्कार लागत नाहीत. त्या थेट वाफ्यात घालाव्यात. नीलगिरीची पाने मी वेगळी काढते, कारण त्यांतील द्रव्ये इतर रोपांची वाढ रोखतात.

खरा वेळ जातो तो निवडण्यात. गोणी उपडी केली की पानांसोबत गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे, आइस्क्रीमच्या काड्या आणि खडे बाहेर पडतात. प्लास्टिकचा कोपरा एकदा चुऱ्यात मिसळला की तो वर्षानुवर्षे मातीत सापडत राहतो, तेव्हा येथे घाई करण्यात अर्थ नाही.

श्रेडर, म्हणजे पाने बारीक करणारे यंत्र, विकत घेण्याइतका व्याप घरच्या बागेसाठी करू नये, असे माझे मत आहे. माळीदादांकडे गवत कापायचे, नायलॉन दोरीचे यंत्र होते. प्लास्टिकच्या पिंपात अर्ध्यापर्यंत पाने भरून ते यंत्र आत सोडले आणि वरखाली फिरवले की मिक्सरमध्ये चटणी वाटावी तसा चुरा होतो. सकाळी दवाने पाने मऊ पडलेली असतात व दोरीला गुंडाळतात. उन्हे वर आल्यावर, पान मुठीत दाबताच कुरकुरीत मोडू लागले की काम झपाट्याने होते. धूळ मात्र अतोनात उडते, त्यामुळे डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क आणि पायांत बूट असल्याशिवाय यंत्राला हात लावू नये. चुरा झाल्यावर पानांचे आकारमान इतके घटते की गोण्यांचा ढीग पाहून धास्तावलेल्या माणसालाही धीर यावा.

वाफा आधी भरपूर भिजवून मग दोन ते तीन इंच जाडीचा थर द्यावा आणि वरून पाणी शिंपडावे. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवावी, नाहीतर ओल धरून साल कुजते. वाळलेल्या पानांत कर्ब पुष्कळ आणि नत्र थोडे असते. चुरा मातीत मिसळला तर कुजवणारे जिवाणू मातीतलाच नत्र वापरतात आणि रोपे पिवळी पडतात, म्हणून तो वरच राहू द्यावा. आमच्या माळीदादांना खुरप्याने सगळे ढवळण्याची सवय असल्याने हे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावे लागले.

एप्रिलच्या उन्हात थर बाजूला करून बोट खुपसले की खालची माती गार आणि ओलसर लागे, शेजारच्या उघड्या वाफ्यात मात्र भेगा पडलेल्या असत. वांगी-मिरचीला रोज पाणी देण्याची गरज उरली नाही. वाळवी लागेल ही शंका अनाठायी नव्हती. ती भिंतीलगत दिसली, तेव्हा तेथील थर काढून टाकला. पावसाळ्यात गोगलगायींना या ओलाव्यात आसरा मिळतो, म्हणून कोवळ्या रोपांभोवतीचा चुरा जूनमध्येच बाजूला करावा आणि गोण्यांत उरलेला कोरडा चुरा ओल्या कचऱ्याच्या खतात थर देण्यासाठी छपराखाली ठेवावा.