गुण्या, ओळंबा आणि लुइस

लंडनच्या ग्रेट क्वीन स्ट्रीटवरचा फ्रीमेसनांचा हॉल म्हणजे अवाढव्य दगडी प्रकरण. फ्रीमेसन म्हणजे गवंड्यांच्या अवजारांना वागणुकीची प्रतीकं मानणारी एक जुनी बंधुसंघटना. पहिल्या महायुद्धात गेलेल्या ३,२२५ सभासदांचं स्मारक म्हणून बांधलेला, १९३३ साली पुरा झाला. गुप्त विधी वगैरे ऐकून जरा बिचकतच आत गेलो, तर संग्रहालय चक्क फुकट.

मेसन होण्याच्या पायऱ्या तीन, आणि प्रत्येकीचा एक चित्रफलक. तिसऱ्यावर शवपेटी, कवटी, अकेशियाची डहाळी. लोक घाबरतात ते यालाच असणार. पूर्वी सभा गुत्त्यांत भरत, तेव्हा ही चित्रं जमिनीवर खडूनं, कोळशानं काढत आणि विधी संपला की फडक्यानं पुसून टाकत. पाडव्याला आपल्या ठाण्यात चौकाचौकात रांगोळ्या काढतात, त्याच आठवल्या.

बाहेर आल्यावर बाबांना व्हिडिओ कॉल लावला. इथे दुपारचे साडेबारा, तिकडे पाच. चरई-नौपाड्यात चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. विकत घेतलेली पोस्टकार्डं एकेक करून कॅमेऱ्यासमोर धरली. एकावर काटकोनी पट्टी, दुसऱ्यावर दोरीला लोंबणारं वजन.

"हा गुण्या. हा ओळंबा. माझ्याच पिशवीतलं सामान की रे!"

म्हटलं, यांच्याकडे गुण्या म्हणजे नीट वागणं, ओळंबा म्हणजे सरळपणा. आणि ही पातळी बघायची पाणसळ म्हणजे सगळे समान.

"पाणसळ? पाणी कुठाय त्यात?"

खरंच नव्हतं. लाकडी चौकटीत मधोमध ओळंबाच सोडलेला. बाबांनी पोस्टकार्ड आणखी जवळ धरायला लावलं आणि मान डोलावली. "चालेल. जुनी रीत आहे."

पुढच्या चित्रात तिकाटण्याला टांगलेला घडीव दगड होता. खालून दोर नाही, बाजूला साखळी नाही. बाबा चष्मा वर करून बघत राहिले. "वरून खाच घेतलीय. आत रुंद, तोंडाशी अरुंद. त्यात लोखंडी तुकडे बसवले की वजनानंच आवळत जाणार."

त्या लोखंडी पकडीचं नाव लुइस. मेसनच्या मुलालाही ते लुइसच म्हणतात. म्हाताऱ्या आईबापांच्या वाट्याचे कष्ट त्यानं उचलायचे, असा त्याचा अर्थ लावतात. हे मी बाबांना सांगितलं. सांगताना आवाज जरा खालीच आला.

"हां," बाबा म्हणाले. "चल, ठेवतो. वागळे इस्टेटला साइटवर जायचंय, कालच्या स्लॅबला पाणी मारायला कोणी नाही."