गोखल्यांच्या बिलाचं इतिवृत्त वाचताना : माझा अनुभव

गोखल्यांचं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल सरकारने पाडलं, एवढं आपण शाळेत शिकतो. ते कसं पडलं, कोण कोणत्या बाजूला उभं राहिलं, हे मला मुळातून वाचायचं होतं. कायदेमंडळं मोठी करणाऱ्या मोर्ले-मिंटो सुधारणांनंतर 1910 मध्ये वाढीव इंपीरियल लेजिस्लेटिव्ह कौन्सिल, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचं मध्यवर्ती कायदेमंडळ, कलकत्त्यात भरलं. तीन वर्षांच्या त्या पहिल्याच मुदतीतली ही गोष्ट. कौन्सिलची इतिवृत्तं संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात स्कॅन करून ठेवलेली आहेत.

शोधपेटीत गोखल्यांचं नाव टाकून हाती काही लागत नाही, कारण ते जवळजवळ प्रत्येक विषयावर बोललेले आहेत. तारखेने जाणं उत्तम. खंड एप्रिल ते मार्च असे बांधलेले. त्यामुळे 16 मार्च 1911 ला मांडलेलं बिल एका खंडात आणि 18-19 मार्च 1912 ची चर्चा पुढच्या खंडात. मार्च हा अंदाजपत्रकाचा महिना, तेव्हा अफू, रेल्वे, लष्करी खर्च यांची पानंच्या पानं ओलांडून जावं लागतं. ती ओलांडावीत. त्यात अडकलं की मूळ काम राहून जातं.

भाषणांना हात लावण्याआधी मी सभागृहाची रचना कागदावर मांडली, आणि हे वाचायला घेणाऱ्या प्रत्येकाला मी तसंच करायला सांगेन. 37 सरकारी सभासद, 32 बिगरसरकारी. त्या 32 पैकी निवडून आलेले 27. तेही सर्वसामान्यांनी निवडलेले नव्हेत: प्रांतिक कौन्सिलांतले बिगरसरकारी सभासद, जमीनदार, मुसलमान मतदारसंघ आणि व्यापारी संस्था यांनी पाठवलेले. गोखले मुंबई कौन्सिलकडून आले होते, जीना मुंबईच्या मुसलमान मतदारांकडून. म्हणजे सगळे बिगरसरकारी एक झाले तरी सरकारने ठरवलं तर ठराव पडणार, हे पहिल्या दिवसापासून पक्कं होतं.

मग बिल वाचलं, आणि त्याच्या मवाळपणाने थक्क झालो. सक्ती कुठे? ज्या भागात मुलांचं शाळेत जाण्याचं प्रमाण ठरावीक टक्क्यांवर गेलं आहे तिथेच. तीही नगरपालिकेने किंवा लोकल बोर्डाने मागितली आणि सरकारने मान्यता दिली तर. वय सहा ते दहा, आणि सुरुवात मुलग्यांपासून. बापाची कमाई महिन्याला दहा रुपयांच्या आत असेल तर फी घ्यायची नाही. दहा रुपयांचं हे कलम मी पुन्हा पुन्हा वाचलं. कोणाच्या घरासाठी कायदा लिहितोय हे गोखल्यांना नेमकं माहीत होतं. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी 1906 पासून संस्थानभर सक्ती आणली होती, त्यामुळे हिंदुस्थानात हे जमणार नाही हा आक्षेप टिकण्यासारखा नव्हता.

चर्चेत मालवीय आणि जीना बिलाच्या बाजूने उभे राहिले. शिक्षण खातं सांभाळणाऱ्या हारकोर्ट बटलर यांनी विरोध केला. मागणी तरी किती? बिल बारकाईने तपासायला 15 सभासदांच्या प्रवर समितीकडे पाठवा, एवढीच. शेवटी मतविभागणीचं पान येतं. प्रत्येक नावामागे ‘ऑनरेबल’ लावलेल्या दोन याद्या: बाजूने 13, विरुद्ध 38.

इथे मात्र घाई करू नये. माझ्या कागदावरच्या रचनेशी एकेक नाव ताडून पाहिलं, तेव्हा विरुद्धच्या यादीत हिंदी बिगरसरकारी नावंही निघाली. शिकलेलं कूळ आणि शिकलेला मजूर काहींना नको होता. ‘सरकारने पाडलं’ हे खरं आहे, पण अपुरं आहे, आणि पाठ्यपुस्तकात ते पुरं लिहिलं जावं असं मला मनापासून वाटतं. 32 जणांपैकी 13 च हात मिळाले, ही आपल्या समाजाचीही नोंद आहे.

गोखले मात्र हे सगळं जाणून उभे राहिले होते. बिल फेटाळलं जाणार हे मला माहीत आहे, तक्रार नाही, आमच्या पिढीच्या वाट्याला अपयशातून सेवा करणं आलं आहे, अशा अर्थाचं त्यांचं बोलणं छापलेलं आहे. ते वाचताना माझा गळा दाटून आला.

विठ्ठलभाई पटेलांनी 1918 मध्ये मुंबई इलाख्यातल्या जिल्हा नगरपालिकांसाठी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा मंजूर करून घेतला. सध्या मी मुंबई कौन्सिलची त्या काळातली इतिवृत्तं काढायला घेतली आहेत. तिथेही आधी सभासदांची यादी, मग भाषणं.